दोर माझ्या हातात

सोमवार

वन्सं, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच बाजूला ठेवाल, अशी धास्ती आहे. यांचा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय, माझाही. आई गेल्या तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो आणि बातमी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, हे तुम्हाला सांगून सांगून जीभ झिजली. आज त्यासाठी लिहीत नाही.

सणासाठी आम्ही जमिनीवर आलोय. बोटीवर घर केल्यापासून पहिल्यांदाच. आमचं मोठं शीड शिवणीत उसवलं होतं, म्हणून या बंदरात शिरलो. धक्क्यामागच्या गल्लीत शिडं शिवणाऱ्या एक बाई आहेत. सगळं बंदर त्यांना शिडवाली म्हणतं आणि त्याही फोन उचलून "शिडवाली बोलतेय" असंच म्हणतात. शीड टाकायला गेलो तर म्हणाल्या, "सणाला कोणी बोटीत राहतं का? दुकानावरची खोली रिकामी आहे. ही किल्ली."

खोलीला मेणाचा आणि कोऱ्या कापडाचा वास आहे. खिडकीतून डोलकाठ्यांचं रान दिसतं, त्यातली आमची कुठली ते हे बरोबर दाखवतात. जेवताना हे अजून डाव्या हाताने ताट धरून बसतात, जणू टेबल आत्ता कलंडणार आहे. नळ सोडला की लगेच बंद करतात. शिडवाली काल म्हणाल्या, "अहो, भांडं भरू द्या की. इथे पाणी कोणी मोजत नाही."

यांची तब्येत छान आहे. हाताला थोडं भाजलंय, किटली निसटली. सण झाला की लगेच निघायचं म्हणतात. पुढचा टप्पा लांबचा आहे, मध्ये कुठेच जमीन नाही.

एक विचारायचं होतं. बाबा गेले तेव्हा नक्की काय झालं होतं? मी या घरात आले तेव्हा ते नव्हतेच. "जिन्यावरून पाय घसरला" एवढंच ऐकलंय. आईंना विचारलं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. सहज विचारतेय. सवड झाली की कळवा.

तुमची भावजय

गुरुवार, सणाचा आदला दिवस

वन्सं,

पहिलं पत्र तुम्हाला मिळालं की नाही, माहीत नाही. त्यात सहज विचारतेय असं लिहिलं होतं. सहज नाही.

किटली निसटली नव्हती. यांनी ती हातात धरली होती, कडीला नाही, पोटाला. उकळतं पाणी आत आणि हे तिला तळहात लावून उभे. डोळे उघडे. चेहऱ्यावर काहीही नाही. मी किटली ओढून घेतली, हात पाण्याखाली धरला, तरी यांना पत्ता नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "काय ग, हात का ओला करतेस?" मग तळहाताकडे पाहिलं आणि मग ओरडले.

त्याच्या आधीचंही सांगते. इथे यायच्या दोन दिवस आधी दुपारी मी खाली कांदा चिरत होते. वर सुकाणूवर हे. खिडकीच्या काचेवर एकदम सावली पडली, म्हणून मान वर केली. मालवाहू जहाज होतं, आमच्यापेक्षा एवढं मोठं की त्याचं टोक दिसेना. वर धावले. हे सुकाणू धरून सरळ त्या जहाजाकडे बघत बसले होते. ओठ हलत होते, काहीतरी चाखून बघितल्यासारखे. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. मी नावाने हाक मारली, खांदा गदागदा हलवला. शेवटी यांना बाजूला ढकलून सुकाणू दाबलं. जहाज आमच्याजवळून गेलं तेव्हा त्याच्या पोटावरचा गंज दिसत होता.

हे भानावर आले आणि माझ्यावरच चिडले. "माझ्या हातातून सुकाणू घेतेस? मी बघत होतो त्याला. लांब होतं अजून."

वन्सं, हे खोटं बोलत नव्हते. यांना खरंच तसं वाटत होतं.

तेव्हापासून आईंचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. माझं नवीन लग्न झालं होतं. हे जेवताना कसल्यातरी विचारात गढले होते, तर आईंचा हात चटकन यांच्या मनगटावर गेला. हे म्हणाले, "काय आई?" तर त्या म्हणाल्या, "काही नाही. तुझे बाबा असे हरवायचे." मला वाटलं, विसराळू असतील. आता वाटतं, त्या वेगळंच काही सांगत होत्या.

बाबा कसे हरवायचे? तुम्ही तेव्हा मोठ्या होतात, तुम्हाला आठवत असणार.

डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, थकवा आहे, सणाचं गोड खाल्लं की जाईल. परवा निघायची तयारी सुरू आहे. बारा-तेरा दिवस फक्त आम्ही दोघं आणि पाणी. पाळीपाळीने झोपतो आम्ही. मी झोपले की बोट यांच्या हातात.

शिडवालीच्या दुकानाचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. फोन करा. भावाशी बोलू नका हवं तर, माझ्याशी बोला.

शनिवार

वन्सं,

तुमचा फोन नाही. सणाची सुट्टी, टपाल अडकलं असेल, अशी मी माझीच समजूत घालते.

काल दुपारी जेवायला शिडवालीकडे आम्ही, आणि बंदरातला क्रेनवाला आणि त्याची बायको. सगळ्या गल्लीत दिव्यांच्या माळा, लोक नवे कपडे घालून हिंडत होते. दुकानातलं शिवायचं लांबलचक टेबल पुसून त्यावर चादर टाकली होती. हे खुशीत होते. गप्पा मारायला लागले की यांना कोणी धरू शकत नाही, तुम्हाला माहीतच आहे. भर समुद्रात एक दमलेला पक्षी आमच्या बोटीवर येऊन बसला होता, ती गोष्ट सांगत होते. क्रेनवाल्याची बायको तर घास हातात धरून ऐकत होती.

"आणि सकाळी बघतो, तर तो पक्षी..." एवढं म्हणाले आणि थांबले.

मला लगेच कळलं. ओठ हलायला लागले. बोटं बटणाकडे गेली.

क्रेनवाल्याला वाटलं, हे मुद्दाम ताणतायत. "मग? पुढे काय? उडाला?" त्याची बायको हसली. यांच्या डाव्या हातातला सरबताचा पेला हळूहळू कलत गेला आणि सगळं मांडीवर सांडलं. मी हात पुढे केला तोवर उशीर झाला होता. शिडवाली यांच्याकडे एकटक बघत होत्या.

मग हे परत आले. इकडेतिकडे पाहिलं आणि क्रेनवाल्याला म्हणाले, "घ्या ना अजून, लाजताय काय?" जणू घर यांचंच. मग पँट ओली लागली. माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "सांडलंस ना? हिच्या हाताला कधी दम नाही." क्रेनवालाही हसला. मीही हसले. काय करणार होते, परक्यांच्या ताटावर?

पाहुणे गेले, शिडवाली आत गेल्या, दुकानात आम्ही दोघंच होतो. जमिनीवर आमचं शीड पसरलेलं. मी सांगून टाकलं. जहाज, किटली, सरबत, सगळं, एकामागून एक. हे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटलं.

म्हणाले, "तुला किनारा हवाय."

"काय?"

"पलंग, नळ, शेजारणी. चार दिवसांत तुझा चेहरा बदललाय. राहायचं असेल तर सरळ सांग, मी ऐकून घेईन. पण त्यासाठी मला वेडा ठरवू नकोस."

"किनारा हवा असता तर निघतानाच बोलले असते. तेव्हा माझ्या तोंडाला कोणी कुलूप लावलं नव्हतं."

"मग सिद्ध कर. मला आठवत नाही, आणि तू म्हणतेस घडलं. मी तुझा शब्द का मानायचा?"

वन्सं, तीस वर्षं संसार करून माणूस विचारतो, तुझा शब्द का मानायचा.

हे बोटीवर झोपायला गेले. सणाच्या दिवशी, एकटे.

आज सकाळी मी शिडवालीच्या हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. म्हटलं, शीड पूर्ण करू नका. दोरा संपला म्हणा, मशीन बिघडलं म्हणा. त्यांनी सुई खाली ठेवली. "काल मी डोळ्यांनी पाहिलंय," म्हणाल्या. "तुमचं खरं आहे. पण मी शीड उसवलेलं ठेवणार नाही. तुमच्या मालकांनी तसंच नेलं तर? भर पाण्यात फाटलं तर? खोटं बोलायचं असेल तर तुमचं तुम्ही बोला. आणि नवऱ्याला थांबवायला शीड कशाला लागतं? तोंड आहे ना."

"तोंड वापरून झालं."

"मग अजून वापरा," म्हणाल्या आणि पुन्हा शिवायला लागल्या. संध्याकाळपर्यंत शीड तयार होईल.

डोलकाठीच्या टोकावरचा दिवा गेलाय. तो बदलला की निघायचं, असं हे म्हणतात. उद्या चढणार आहेत.

सोमवार

वन्सं,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. यांना काही झालेलं नाही, हे आधी सांगते.

काल सकाळी मी बोटीवर गेले. हे झोळी बांधत होते. डोलकाठीवर चढायचं म्हणजे कापडाच्या झोळीत बसायचं, कमरेला पट्टा, आणि खाली दुसऱ्याने विंचच्या लोखंडी रहाटाला दोराचे वेढे घालून हँडल फिरवत वर ओढायचं. चार मजल्यांची उंची. हे काम आम्ही कितीदा केलंय.

मी म्हटलं, नाही ओढणार.

"मग मी एकटा चढतो. दोराला पायाचे फास करून. चढलोय पूर्वी."

चढले असते, वन्सं. तुमच्या भावाला तुम्ही ओळखता. मला वाटलं, चढणारच असतील तर दोर माझ्या हातात असलेला बरा. पट्ट्याची बक्कल मी स्वतः दोनदा ओढून पाहिली. हे वैतागून म्हणाले, "मुलाला शाळेत सोडतेस का?"

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. सुट्टी. सगळ्या बोटी कुलपात. मी ओढलं. वर पोचल्यावर यांनी नेहमीप्रमाणे आधी पान्याची दोरी दिव्याच्या कडीला अडकवली. पाना हातातून सुटून खाली कोणाच्या डोक्यात पडू नये, म्हणून यांची ती जुनी सवय. काचेचं झाकण काढून खिशात टाकलं. "जुना बल्ब अडकलाय," वरून ओरडले. मग आवाज बंद झाला.

मी हाक मारली. उत्तर नाही. मान मागे टाकून पाहिलं तर यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी किंचाळेन. किंचाळायला सवड कुठे होती? विंचवरचा एकेक वेढा सैल करत दोर सोडायला लागले. घाईने सोडला तर हे दणकन खाली, आणि हळू सोडला तर झोक्यासारखे हेलकावे. एकदा खांदा काठीवर आपटला, तो आवाज खालपर्यंत आला. अर्ध्या वाटेवर डोलकाठीला आडवी काठी असते, तिच्यात यांचा पाय अडकला. दोर सोडतेय पण हे खाली येईनात, उलट अंग तिरकं व्हायला लागलं, डोकं खाली. झोळीतून निसटले असते तर फक्त पट्टा. पुन्हा वेढे घातले, हँडल फिरवून हातभर वर घेतलं. पाय सुटेना. आणखी वर घेतलं. माझ्या तोंडून काय काय शिव्या गेल्या, ते देवालाच ठाऊक. मग बोट एका लाटेवर जरा कलली आणि पाय आपोआप बाहेर आला. त्या लाटेचे उपकार.

डेकवर टेकले तेव्हा मी यांना काठीला पाठ टेकवून बसवलं आणि दोर माझ्या कमरेभोवती गुंडाळून समोर बसले. का, कोण जाणे. सोडवेना.

बऱ्याच वेळाने डोळ्यांत ओळख आली. माझ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. म्हणाले, "बसलीस काय? ओढ की वर. ऊन चढायच्या आत होऊन जाऊ दे."

मी दोर धरून तशीच बसले. शुक्रवारी बोलून पाहिलं होतं.

हे उठले. उठताना खांदा दुखला तेव्हा चेहरा आक्रसला. "खांद्याला काय झालं?" खिसे चाचपायला लागले. एका खिशातून काचेचं झाकण निघालं. ते हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. "हे कोणी काढलं?" मग दुसरा खिसा. "पाना कुठाय माझा?"



डेकवर शोधलं, पेटीत शोधलं. मग, का कोण जाणे, यांनी वर पाहिलं. काठीच्या टोकाला, दिव्याच्या कडीला पाना लटकत होता, वाऱ्यावर हलत होता, ऊन लागून चमकत होता. तिथे तो दुसऱ्या कोणी लावलेला असणं शक्यच नव्हतं.

हे वर बघत उभे राहिले. मी यांचा चेहरा बघत होते. तीस वर्षांत यांना मी वादळात पाहिलंय, बोटीत पाणी शिरताना पाहिलंय. असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"मी वर जाऊन आलो," म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो."

"आणि तू खाली आणलंस."

"हो."

खाली बसले. माझ्या कमरेचा दोर सोडवायला लागले. मग म्हणाले, "जहाजाचं सांग. पुन्हा सांग. पहिल्यापासून."

सांगितलं. मध्ये एकदाही अडवलं नाही.

हे पत्र आज कुरियरने पाठवतेय. खालच्या ओळी यांच्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत, पाकीट हेच चिकटवतील.

ताई,
मला भीती वाटतेय. बाबांना हेच होतं का? आईच्या वेळी मी नव्हतो, त्याबद्दल तुला जे बोलायचंय ते बोल, मी फोन ठेवणार नाही. पण हे सांग.

शुक्रवार

वन्सं,

परवाच्या तुमच्या फोनवर मला यांची एकच बाजू ऐकू आली. "हं... हं... कधीपासून?" शिडवालींनी मला खूण केली आणि आम्ही दोघी दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिलो. त्यामुळे तुमचं बोलणं झाल्यावर इकडे काय झालं, ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

हे बाहेर आले आणि पायरीवर बसले. म्हणाले, "बाबा ताईला सगळीकडे न्यायचे. बाजारात, न्हाव्याकडे, बँकेत. मला कधीच नाही. मी जळायचो तिच्यावर. तिच्या वह्या फाडल्या होत्या एकदा."

मी म्हटलं, "मग?"

"बाबा नेत नव्हते. आई पाठवायची तिला. राखण करायला. बाबा रस्त्यात थांबले तर हात धरून उभं राहायचं, कोणी विचारलं तर बाबा विचार करतायत म्हणून सांगायचं. दहा वर्षांची होती ती. आणि त्या दिवशी तिची परीक्षा होती, म्हणून जिन्यावर बाबा एकटे होते." मग नाक पुसत म्हणाले, "मला कोणी काही सांगितलं नाही. मी धाकटा ना. आणि मग मी बोट घेतली आणि निघून गेलो. आई आजारी पडली, तिची राखणही ताईनेच केली."

वन्सं, तुमचा राग मला इतकी वर्षं कळत नव्हता. आता कळला. त्याबद्दल पत्रात आणखी लिहीत नाही, समोर बोलू.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी काल तपासलं. डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. एक प्रकारची फीट आहे म्हणतात, अंग न झटकता येणारी. गोळ्या सुरू केल्यात. बऱ्याच जणांची आटोक्यात येते. तोवर उंचावर चढायचं नाही, गाडी नाही, एकट्याने पोहायचं नाही. यांनी विचारलं, "आणि समुद्र?" बाई म्हणाल्या, "समुद्रातलं मला काही कळत नाही. पण तुमच्या एकट्याच्या हातात काही द्यायचं नाही, एवढं कळतं." वडिलांचं कोणी पाहिलेलं असेल तर ते ऐकायला त्यांना आवडेल, म्हणाल्या. मी तुमचं नाव सांगितलंय.

लांबचा टप्पा रद्द. बंदरवाल्यांनी बोट आतल्या रांगेत हलवायला सांगितली, वर्षभर राहणाऱ्यांच्या. आज सकाळी हलवली. वरचा दिवा क्रेनवाल्याने चढून बसवून दिला होता. सुकाणूवर मी. हे पुढे बसले होते, माझ्याकडे पाठ करून, हात मांडीवर. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं, मागूनही कळत होतं. तिसऱ्यांदा राहवलं नाही. "डावीकडे..." म्हणेपर्यंत मी धक्क्याला बाजू घासली. चांगला लांब ओरखडा.

"मी असतो तर लागली नसती," हे म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

मग उठले, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. सुकाणूला हात लावला नाही. कुठे कधी वळवायचं, ते हळू आवाजात सांगत राहिले आणि मी वळवत गेले. दोर बांधून झाल्यावर ओरखड्याशी वाकून म्हणाले, "रंग मी लावीन. त्याला तर डॉक्टरीणबाईंची हरकत नाही ना?"

हे कायम असंच गोड राहील, असं समजू नका. काल रात्री पहिलीच गोळी घ्यायची विसरले आणि आठवण केली तर ताट ढकलून उठले. परवा मी दुकानात गेले तर म्हणाले, "जाताना बाहेरून कडी लावून जा, म्हणजे निवांत जाशील." ते बोलणं मला लागलं. पण आता निदान कशावरून भांडतोय, हे दोघांनाही माहीत आहे.

तुम्ही रविवारी येताय. तुम्हाला घ्यायला स्टेशनवर आम्ही दोघं येऊ. हे सकाळपासून विचारतायत, ताई फार चिडलेली असेल का. मी म्हटलं, असणारच. तर म्हणाले, "मग चिडू दे. पोटभर चिडू दे."

तेव्हा वन्सं, मनात काही ठेवून येऊ नका. हे बोलणी खायला बसलेत.

तुमची भावजय